फायटेजचा मका आणि आपला मार्केट यार्ड

मक्याच्या दाण्यात फॉस्फरस चांगला असतो, पण कोंबडीच्या पदरात त्यातला फार थोडा पडतो. दाण्यातील साधारण दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो. या संयुगाला फॉस्फेटचे सहा गट जोडलेले असतात आणि जाता जाता ते कॅल्शियम, जस्त व लोह यांनाही धरून ठेवते. बी रुजताना कोवळ्या रोपाला लागणारा फॉस्फरस साठवून ठेवण्याची ही वनस्पतीची स्वतःची सोय आहे. कोंबडीची सोय पाहणे हे तिचे काम नव्हे. फायटेट फोडणारे फायटेज हे एन्झाइम गाई-म्हशींच्या पोटातील सूक्ष्मजीव तयार करतात, त्यामुळे रवंथ करणाऱ्या जनावरांचे भागते. कोंबडी आणि डुक्कर यांच्या पोटात ही व्यवस्था नसल्यातच जमा आहे. परिणामी खाद्यातून आत गेलेला बराचसा फॉस्फरस विष्ठेवाटे तसाच बाहेर पडतो, आणि पक्ष्याची हाडे भरावीत म्हणून आपण वरून पैसे मोजून डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, घालत राहतो.

मी सिन्नर तालुक्यात एक लहान फीड मिल चालवतो. कंपनीशी करार न करता स्वतःच्या जोखमीवर बॅच टाकणारे ब्रॉयलरवाले आणि काही लेअरवाले, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या पाळणारे, हे माझे गिऱ्हाईक. इथेनॉलचे कारखाने मक्याच्या बाजारात उतरल्यापासून भावाचा अंदाज बांधणे अवघड झाले आहे, जीएम, म्हणजे जनुकीय सुधारित, मका आयात करू द्यावा अशी मागणी पोल्ट्री उद्योगाकडून अधूनमधून होत असते, आणि त्या चर्चेत आता आणखी एक विषय शिरला आहे. ज्या मक्याच्या दाण्यातच पचनाचे एन्झाइम तयार होते असा मका परदेशात निघाला आहे म्हणतात, तो आपल्याकडे आला तर एन्झाइमची पिशवी विकत घ्यायची गरजच काय, असे गिऱ्हाईक विचारते. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर ‘जीएम चांगले की वाईट’ या नेहमीच्या भांडणात सापडत नाही. मका शेतातून निघून कोंबडीच्या भांड्यात पडेपर्यंत कोणकोणत्या हातांतून जातो, ते पाहिल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही असे माझे मत झाले आहे.

आधी पिशवीविषयी. फायटेजचा शोध तसा जुना आहे. १९०७ साली जपानमध्ये सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते तांदळाच्या कोंड्यात सापडले. खाद्यात घालण्याजोगे फायटेज बाजारात यायला मात्र १९९१ साल उजाडले, आणि ते आले नेदरलँड्समध्ये, कारण तिथे डुकरांच्या खतातून जमिनीत आणि पाण्यात जाणाऱ्या फॉस्फेटवर कायद्याने बंधने आली होती. पोल्ट्रीवाल्याचा डीसीपीचा खर्च वाचावा हा त्यामागचा पहिला हेतू नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे किंमत उतरत गेली आणि आज आपल्याकडचा लहानसा मिलवालाही ते वापरतो.

माझ्या मिलमध्ये फायटेजची ग्रॅमला ५००० युनिटची पावडर येते; युनिट हे एन्झाइमची ताकद मोजण्याचे माप. ती टनाला १०० ग्रॅम टाकली की किलोमागे ५०० युनिट पडतात. एक टन खाद्यात शंभर ग्रॅम म्हणजे किती, हे कागदावर कळत नाही. मिक्सरमध्ये ती थेट ओतली तर एका कोपऱ्यातल्या पोत्यांत भरपूर आणि बाकीच्यांत काहीच नाही, अशी गत होते. म्हणून आमच्याकडे घमेल्यात थोडा मक्याचा भरडा घेऊन त्यात पावडर हाताने कालवतात, मग त्यात प्रीमिक्स (जीवनसत्त्वे-खनिजांचे तयार मिश्रण) आणि आणखी भरडा घालून मिश्रण वाढवत नेतात, आणि मगच ते मिक्सरच्या मध्यावर सोडतात. रात्रपाळीला घाई असली की नेमकी हीच पायरी गाळली जाते. ‘एन्झाइम चालत नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यातली निम्मी या घमेल्यापाशी सुरू होते असा माझा अनुभव आहे. दाण्यातच एन्झाइम असण्याची कल्पना मिलवाल्याला मोहात पाडते ती यामुळेच: जो घटक खाद्यात साठ टक्के आहे, तोच एन्झाइम घेऊन आला तर कालवाकालवीचा प्रश्नच उरत नाही.

या पावडरीचा हिशेबही पाहू. एक टन मक्यात साधारण अडीच ते तीन किलो फॉस्फरस असतो, सोया डीओसीत, म्हणजे तेल काढलेल्या सोयाच्या पेंडीत, त्याच्या दुपटीहून अधिक. त्यातला अडकलेला भाग फायटेजने पूर्ण सुटत नाही, पण मका-सोयाच्या नेहमीच्या खाद्यात टनामागे एक ते दीड किलो फॉस्फरस सुटतो असे धरून फॉर्म्युला बांधतात. डीसीपीत फॉस्फरस १८ टक्के. म्हणजे शंभर ग्रॅम पावडर सहा ते आठ किलो डीसीपीचे काम करते. आपल्या देशात रॉक फॉस्फेट बहुतांशी बाहेरून येते, त्यामुळे डीसीपीच्या भावावर आपला काही ताबा नाही, आणि या हिशेबात फायटेज कधीच तोट्यात जात नाही.

आता दाण्याकडे वळू. फायटेज तयार करणारे जनुकच पिकात घालण्याचा प्रयत्न पावडरीच्या पाठोपाठ सुरू झाला. १९९३ साली तंबाखूच्या बियांत बुरशीचे फायटेज तयार करून ते बी खाद्यात मिसळून पाहिल्याचे संशोधन नेदरलँड्समधूनच प्रसिद्ध झाले. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात डिटर फॉन वेटस्टाइन यांच्या गटाने वेगळी वाट धरली. सातू (बार्ली) खाऊ घातला की ब्रॉयलरची विष्ठा चिकट होते आणि वाढ खुंटते, कारण त्यातील बीटा-ग्लुकन पक्ष्याला पचत नाही. म्हणून त्यांनी बीटा-ग्लुकन फोडणारे, उष्णता सहन करणारे एन्झाइम सातूच्याच दाण्यात तयार करवले आणि त्याचे थोडे माल्ट (मोड आणून वाळवलेला दाणा) खाद्यात घालून सातू कोंबडीला मानवतो असे २००० च्या सुमारास दाखवून दिले. कॅनडातील गुएल्फ विद्यापीठाने तर पिकाला हातच लावला नाही; ज्याच्या लाळेत फायटेज पाझरते असे डुक्करच १९९९ मध्ये जन्माला घातले. त्याच्या विष्ठेतला फॉस्फरस खरोखरच बराच घटला होता, पण ते मांस बाजारात आले नाही, २०१२ मध्ये निधी थांबला आणि ते डुक्कर मारून टाकण्यात आले. प्रयोग यशस्वी आणि धंदा शून्य, असे या क्षेत्रात वारंवार झाले आहे.

सगळ्यांत पुढे गेला तो चीन. चिनी कृषी विज्ञान अकादमीत फान युनल्यू यांच्या गटाने अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीतील फायटेजचे जनुक मक्यात घातले आणि २००९ मध्ये तिथल्या कृषी मंत्रालयाने त्या मक्याला जैवसुरक्षा प्रमाणपत्र दिले. बीटी (कीडरोधक जनुक घातलेल्या) भाताला प्रमाणपत्र मिळाले तेही त्याच वेळी, आणि सगळा गदारोळ भातावरून झाला. मक्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. प्रमाणपत्राची पाच वर्षांची मुदत संपल्यावर ते वाढवूनही मिळाले, तरी त्या सगळ्या वर्षांत हा मका शेतकऱ्याच्या शेतात पोहोचला नाही. २०२३ मध्ये चीनने ज्या जीएम मका वाणांना व्यापारी वाट मोकळी करून दिली, ते कीडरोधक आणि तणनाशक सहन करणारे होते. माझ्या मते यामागचे मोठे कारण विरोधापेक्षा किमतीत आहे. ज्या काळात फायटेजचा मका कागदपत्रांच्या रांगेत उभा होता, त्याच काळात टाकीत यीस्ट वाढवून फायटेज काढण्याचे तंत्र चीनमध्येच इतके स्वस्त झाले की दाण्यातल्या एन्झाइमसाठी जास्त पैसे मोजायला कुणाला कारण उरले नाही.

इथे एक गोष्ट गिऱ्हाइकाला सांगितली की ते चमकते. ही टाकीतली यीस्ट किंवा बुरशीही बहुधा जनुकीय सुधारितच असते. म्हणजे जीएम मक्याला हात लावणार नाही म्हणणारा आणि टनाला शंभर ग्रॅम फायटेज टाकणारा माणूस एकच असू शकतो, आणि तो विसंगत वागतो असेही नाही. टाकीतले यीस्ट टाकीतच मरते आणि त्याने केलेले एन्झाइम तेवढे पोत्यात येते. मक्याचे परागकण मात्र वाऱ्यावर शेजारच्या शेतात जातात.

पक्ष्याला आणि तो खाणाऱ्या माणसाला धोका किती, याविषयी मला फार लिहायचे नाही, कारण माझ्या समजुतीप्रमाणे हा या विषयातला सर्वांत कच्चा मुद्दा आहे. फायटेज हे एक प्रथिन आहे. ते कोंबडीच्या अन्नपिशवीत आणि पुढच्या पोटात काम करते आणि पुढे आतड्यात इतर प्रथिनांसारखेच पचून जाते. कलेजी-पेठ्याची भाजी करणाऱ्याने त्याची धास्ती घ्यायचे कारण नाही. शिवाय जीएम खाद्य आपल्याकडे नवीन राहिलेले नाही. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यापासून येवला, नांदगाव, मालेगाव या पट्ट्यातल्या गाई-म्हशी बीटी कापसाचीच सरकी पेंड खात आहेत, आणि सोयाचे भाव कडाडले तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने जीएम सोयाबीनची १२ लाख टन पेंड पोल्ट्रीसाठी आयात करू दिली होती. पेंडीत आणि दाण्यात एक फरक आहे, आणि तो सरकारनेही तेव्हा पाहिला होता: तेल काढून भरडलेली पेंड उगवत नाही, दाणा उगवतो.

मग हे तंत्र आपल्या उपयोगाचे आहे का? पहिली अडचण जराशी गमतीची आहे. दाण्यातल्या एन्झाइमचा मोठा गुण म्हणून त्याची उष्णता सहन करण्याची ताकद सांगितली जाते, आणि मोठ्या कंपन्यांच्या दृष्टीने तो खराच गुण आहे. त्यांचे खाद्य पेलेटचे, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्यांचे, असते. पेलेट करताना वाफेने भरड्याचे तापमान ८० ते ९० अंशांपर्यंत जाते आणि त्यात साधे एन्झाइम टिकत नाही. त्यासाठी त्यांना आवरण चढवलेले दाणेदार फायटेज घ्यावे लागते किंवा पेलेट थंड झाल्यावर वरून फवारणी करणारे यंत्र बसवावे लागते. माझ्यासारख्या लहान मिलवाल्याचे बहुतेक खाद्य मॅश, म्हणजे नुसते भरडून कालवलेले, असते. त्याला वाफ लागतच नाही. म्हणजे ज्या गुणासाठी जास्त पैसे द्यायचे, त्या गुणाची आम्हाला गरजच नाही.

दुसरी अडचण मोठी आहे आणि ती मार्केट यार्डात उभी आहे. दिवाळीनंतर लासलगाव, येवला, मनमाड, नांदगाव या बाजारांत मक्याची आवक सुरू झाली की काय चालते, ते आपल्या भागात सगळ्यांनी पाहिले आहे. ट्रॉली रांगेत लागते, व्यापारी कोपरापर्यंत हात घालून तळचा मका वर काढतो, दाणा दाताखाली धरतो, मॉइश्चर मीटरचा आकडा पाहतो, काळा दाणा आणि कचरा बघतो, आणि बोली लागते. मोजमाप झाले की ती ट्रॉली खळ्यावर जाते आणि तिथे चार तालुक्यांतल्या मक्याचा एकच ढीग होतो. वाळवण, चाळणी, भरणी सगळे ढिगाचे. त्यातून एक गाडी पोल्ट्रीकडे, एक खानदेशातल्या स्टार्चच्या कारखान्याकडे, एक डिस्टिलरीकडे आणि एक पिठाच्या गिरणीकडे निघते. मी एकदा ओळखीच्या व्यापाऱ्याला विचारले, ‘शेठ, हा मका कुठला?’ तो म्हणाला, ‘कुठला म्हणजे? बाजारातला!’ त्याच्या उत्तरात काहीही चूक नव्हती. आपल्या मक्याला मॉइश्चर असते, भाव असतो, गाव नसते.

आता अशा ढिगात फायटेजचा मका आला असे समजू. काही शेतकऱ्यांनी तो लावला, काहींनी नाही; काहींच्या शेजारी असल्याने परागकणांमुळे थोडा त्यांच्या कणसांतही उतरला. माझ्याकडे आलेल्या गाडीत तो दहा टक्के असेल, साठ टक्के असेल किंवा मुळीच नसेल. मग मी डीसीपी किती कमी करू? फायटेजचा फायदा हातात पडतो तो फॉर्म्युल्यातून डीसीपी काढल्यावरच, आणि डीसीपी काढायचा तर किलोमागे किती युनिट आहेत हे नक्की माहीत हवे. मॉइश्चर दोन मिनिटांत मोजता येते. फायटेजची क्रियाशीलता मोजायला प्रयोगशाळा लागते आणि अहवाल येईपर्यंत ती गाडी संपलेली असते. अंदाजाने डीसीपी कापला आणि त्या गाडीत फायटेजच नसले, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पक्षी पायांवर बसतात. ते पाप कुणी डोक्यावर घेणार नाही. प्रत्येक मिलवाला धोका नको म्हणून डीसीपी पूर्ण ठेवील आणि वर पिशवीतले फायटेजही घालील. म्हणजे दाण्यात एन्झाइम असूनही नसल्यासारखे होईल आणि बियाण्याचा वाढीव दर मात्र कुणीतरी भरलेला असेल.

हे झाले पोल्ट्रीचे. पण ढिगातला मका फक्त पोल्ट्रीकडे जात नाही, आणि सगळीच एन्झाइमे फायटेजइतकी निरुपद्रवी नसतात. अमेरिकेत सिंजेंटाचा एनोजेन नावाचा मका आहे, ज्याच्या दाण्यात स्टार्च फोडणारे, उष्णता सहन करणारे अल्फा-अमायलेज तयार होते. तो मुळात इथेनॉलसाठी काढला गेला, २०११ मध्ये त्याला तिथल्या शेती खात्याची परवानगी मिळाली, आणि पुढे मांसासाठी पोसल्या जाणाऱ्या गुरांचे खाद्य म्हणूनही त्याची विक्री सुरू झाली. परवानगीच्या वेळी सर्वांत मोठा आक्षेप पर्यावरणवाद्यांइतकाच मका दळणाऱ्या गिरणीवाल्यांचा होता. त्यांचे म्हणणे असे की हा मका थोडा जरी खाण्याच्या मक्यात मिसळला तरी शिजवताना पिठातला स्टार्च फुटेल आणि कुरकुरीत व्हायचा पदार्थ भुगा होईल. आपल्याकडे मक्यापासून इथेनॉल काढण्याला जोर चढलेला असताना उद्या एखाद्या डिस्टिलरीला असा मका हवासा वाटणे अशक्य नाही. तो त्याच खळ्यावरून स्टार्चच्या कारखान्यात गेला तर? ज्याला स्टार्च शाबूत हवा आहे त्याच्या दारात स्टार्च फोडणारा दाणा!

‘फक्त जनावरांसाठी’ असा शिक्का मारल्याने मका वेगळा राहत नाही, याचा अनुभव शिस्तीच्या अमेरिकेनेही घेतला आहे. स्टारलिंक नावाच्या कीडरोधक मक्याला १९९८ मध्ये केवळ पशुखाद्य आणि औद्योगिक वापरासाठी परवानगी मिळाली होती. देशातल्या मक्याच्या एक टक्क्याहूनही कमी क्षेत्रावर तो होता. सप्टेंबर २००० मध्ये तो दुकानातल्या टाकोंच्या कुरकुरीत कवचात सापडला आणि माल परत मागवण्याची वेळ आली. तिथे सायलो आहेत, रेल्वेच्या वाघिणी आहेत, लेखी करार आहेत. आपल्याकडे खळे आहे. आणि परवानगी नसलेले एचटीबीटी (तणनाशक सहन करणाऱ्या बीटी) कापसाचे बियाणे महाराष्ट्रात कसे गावोगाव फिरते, ते कुणाला सांगायला नको.

याचा अर्थ आपल्याला माल वेगळा ठेवताच येत नाही असा मात्र नाही, आणि हे नाशिककराने तरी म्हणू नये. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली, त्या हंगामाची झळ निफाड-दिंडोरीत अजून आठवते. आज निर्यातीच्या द्राक्षाचा प्रत्येक प्लॉट ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणीवर नोंदलेला असतो, फवारणीची वही असते, अंश-तपासणीचा अहवाल असतो आणि युरोपातल्या पेटीवरून बाग शोधता येते. तोच शेतकरी बांधाच्या पलीकडे मका लावतो आणि त्याची एकही नोंद ठेवत नाही, कारण ती ठेवण्याचे पैसे त्याला कुणी देत नाही. २०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये आहे, आणि बाजारात तो मिळेलच असे नाही. इतक्या भावात वेगळी काढणी, वेगळी मळणी, वेगळे गोदाम आणि वेगळी गाडी यांचा खर्च बसवून दाखवा, मग वेगळा मका नाशिकमध्ये नक्की होईल.

अमेरिकेतील अ‍ॅग्रिविडा या कंपनीने यातून वाट काढली ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते. त्यांच्या मक्याच्या दाण्यात फायटेज इतके दाट असते की सगळे खाद्य त्या मक्याचे करावे लागत नाही. थोड्या क्षेत्रावर, बंदिस्त कराराने पीक घ्यायचे, दाणा दळायचा, त्यातले युनिट मोजायचे आणि तो भरडा पावडरीसारखा थोड्या प्रमाणात खाद्यात घालायचा. त्यांच्या मक्याला २०२१ मध्ये अमेरिकेच्या शेती खात्याने नियमनातून मोकळे केले आणि २०२३ मध्ये नोव्हस या खाद्यपूरक बनवणाऱ्या कंपनीने अ‍ॅग्रिविडा विकत घेतली. या पद्धतीत ढिगाचा प्रश्न येत नाही, युनिट माहीत असतात, डीसीपी बिनधास्त कापता येतो. फक्त एवढेच होते, की दाण्यातले एन्झाइम फिरून पुन्हा पिशवीतच येते! कंपनी तीच, लेबल तसेच, आणि घमेल्यातली कालवाकालवही चुकत नाही. स्पर्धा उरते ती दाण्याची पिशवी स्वस्त की टाकीची पिशवी स्वस्त एवढीच, आणि त्यात मला टाकी मागे पडताना दिसत नाही.

या सगळ्यात मका पिकवणारा कुठे आहे, हेही विचारायला हवे. फायटेजने त्याचे उत्पादन एका क्विंटलनेही वाढत नाही. २०१८ मध्ये लष्करी अळी देशात आली तेव्हापासून पोंग्यात औषध सोडताना मेटाकुटीला आलेला शेतकरी जीएम मका मागतो तेव्हा त्याच्या मनात अळी असते, कोंबडीचे पचन नसते. बियाण्याचे पैसे त्याने भरायचे आणि फॉस्फरस सुटल्याचा फायदा मिलवाल्याने किंवा शेतकऱ्याच्या शेडमध्ये कराराने पक्षी वाढवून घेणाऱ्या इंटिग्रेशन कंपनीने घ्यायचा, असा व्यवहार कुणी कशाला करील? कंपनीच्या पक्ष्यांना खाद्य कंपनीचेच असते, ग्रोइंग चार्ज (पक्षी वाढवण्याची मजुरी) किलोवर ठरलेला असतो, आणि डीसीपी वाचला तर ती बचत शेडमालकाच्या हिशेबात येत नाही. शेतकरी संघटना तंत्रज्ञान स्वातंत्र्याची मागणी वर्षानुवर्षे करत आली आहे आणि तिच्या मुळाशी असलेले तत्त्व मला मान्य आहे. पण ते स्वातंत्र्य शेतकऱ्याने स्वतःच्या फायद्यासाठी वापरावे, दुसऱ्याच्या फॉर्म्युल्यासाठी नव्हे. आजच्या घडीला तर हा वाद कागदावरचाच आहे. व्यापारी लागवडीत आपल्याकडे कापसापलीकडे जीएम पीक पोहोचलेले नाही, २०१० पासून बीटी वांगे स्थगितीत आहे, आणि २०२२ मध्ये पर्यावरणीय परवानगी मिळालेल्या मोहरीवर सर्वोच्च न्यायालयात जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत विभागले गेले. फायटेजच्या मक्याचा नंबर लवकर लागेल असे वाटत नाही.

तोवर जे हातात आहे त्याचेही आपण नीट करत नाही, आणि मला खरी चुटपुट त्याची आहे. अनेक मिलवाले फायटेज ‘वरून’ टाकतात. म्हणजे फॉर्म्युल्यातला डीसीपी तसाच ठेवायचा आणि फायटेज जास्तीचे बळ म्हणून घालायचे. पक्षी चांगला दिसतो, गिऱ्हाईक खूश होते, पण लिटरमधला, म्हणजे शेडमधल्या विष्ठा मिसळलेल्या तुसातला, फॉस्फरस कमी होण्याऐवजी तेवढाच राहतो. हे तुसाचे लिटर ट्रॉलीच्या भावाने द्राक्षबागेत आणि कांद्याच्या शेतात जाते. बागायतदार वर ड्रिपमधून फॉस्फोरिक अ‍ॅसिड सोडतो, डीएपी टाकतो. आपल्या चुनखडीच्या जमिनी त्यातला बराच भाग धरून ठेवतात, आणि साचलेला फॉस्फरस जस्ताची उचल अडवतो. मग जस्ताची फवारणी करावी लागते. गोदावरीतल्या पाणवेलींचे खापर मी कोंबडी खतावर फोडणार नाही, त्याला शहराचे सांडपाणी पुरेसे आहे. पण नांदूरमध्यमेश्वरच्या वर जे शेतातून वाहून येते त्यात आपलाही वाटा असणार, तो शून्य धरता येणार नाही. देठ परीक्षणाचा अहवाल दर हंगामाला काढणारा बागायतदार कोंबडी खताचा अहवाल कधी मागत नाही. त्याने तो मागावा, म्हणजे आमच्या धंद्यातही थोडी शिस्त येईल.

माझ्या गिऱ्हाइकांपैकी जे ‘डीसीपी कमी करू नका, पाय जातील’ म्हणून हट्ट धरतात, त्यांच्यासाठी शेवटी एवढे लिहितो. डीसीपी मी एकदम कापत नाही. एक बॅच थोडा, पक्षी पाहून पुढच्या बॅचला आणखी थोडा, असा उतरवतो. पायांची तक्रार आली तर आधी मिक्सिंग पाहा आणि मग मार्बल पावडर, म्हणजे कॅल्शियमसाठी घालायची संगमरवराची भुकटी. ती स्वस्त आहे म्हणून वजन भरायला सढळ हाताने टाकतात, आणि जादा झालेले कॅल्शियम फायटेटला असे जखडून ठेवते की फायटेजचा त्यावर इलाज चालत नाही. ब्रॉयलरच्या खाद्यात एकूण कॅल्शियम किती बसते ते हिशेबाने काढा, नुसत्या अंदाजाने नव्हे. राइस डीडीजीएस किंवा मक्याचा डीडीजीएस (इथेनॉल काढल्यावर उरणारा वाळवलेला चोथा) वापरत असाल तर त्यातला फॉस्फरस आंबवण्याच्या क्रियेत आधीच बराचसा सुटलेला असतो, तोही फॉर्म्युल्यात धरा. आणि पावडरीचे पोते उघडल्यावर तोंड बांधून, ओल लागणार नाही अशा जागी ठेवा. मे महिन्यात पत्र्याखाली महिनाभर पडलेल्या पोत्यात लेबलवरचे ५००० युनिट शिल्लक असतील असे मी धरत नाही, तुम्हीही धरू नका.